पाळी येण्याआधी दिवस राहतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

गर्भपातानंतरच्या गर्भनिरोधनावरच्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्देसूद आहे. आक्षेप तीन आहेत. गर्भपातानंतर पाळी आलेलीच नसताना दुसऱ्या आठवड्यात दिवस राहू शकतात, असं लिहून लेखाने बायकांना उगाच घाबरवलं. लगेच तांबी (कॉपर-टी) बसवा, ही कुटुंबनियोजनाच्या टार्गेटवाल्यांची भाषा झाली. आणि पहिलं मूल पाडलं की पुढे राहत नाही, हा घरोघरचा अनुभव लेखाने दडपला.

पहिल्याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. बीज पाळीनंतर लगेच सुटत नाही, पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. गर्भपातानंतरची पहिली पाळी बहुतेकींना चार ते आठ आठवड्यांत येते. समजा ती 28व्या दिवशी आली, तर बीज 14व्या दिवसाच्या आसपास सुटून गेलेलं असतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणजे नवव्या दिवशीचा संबंधही पुरतो. गोळ्यांनी केलेल्या गर्भपातात तर पहिली गोळी (मिफेप्रिस्टोन) घेतल्यापासून आठव्या दिवशीही बीज सुटल्याचं आढळलं आहे. त्या दिवसांत अनेकींच्या अंगावरून अजून थोडंथोडं जात असतं. ‘जातंय तोवर धोका नाही’ हा समज नेमका तिथे नडतो.

तांबीबद्दल तुमचा राग अर्धा बरोबर आहे. ‘तांबी बसवली तरच पिशवी साफ करू’ असं कुणी म्हणत असेल, तर ते चूकच. गर्भपातासाठी गर्भनिरोधक साधनाची अट घालता येत नाही, आणि नको म्हणायचा हक्क बाईचाच. पण साधन कोणतं हे आधीच ठरलेलं असावं, कारण पाळीची वाट बघत बसलं की वर मांडलेला हिशेब चुकतो.

सक्शनने (नळीने ओढून घेऊन) पिशवी रिकामी केली असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच टेबलावर बसते. गोळ्यांनी केला असेल, तर सगळं पडून गेल्याची खात्री झाल्यावर, बहुधा पंधराव्या दिवसाच्या तपासणीला. तोवर निरोध. माला-एन (रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या) मात्र सक्शनच्या दिवशीच, किंवा मिसोप्रोस्टॉल (गर्भपाताचं दुसरं औषध) घेतलेल्या दिवशीच सुरू करता येते. पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या. इथे दोन घोटाळे नेहमीचे. एक, सुरुवात लोहाच्या गोळ्यांपासून होते आणि पहिला आठवडा संरक्षणाविना जातो. दुसरा, गर्भपाताचाच रक्तस्राव चालू असतो, पण ‘गोळी सोसली नाही’ म्हणून पाकीट फेकलं जातं. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर या गोळ्यांवर विसंबू नये. ते औषध संप्रेरकं शरीरातून लवकर काढून टाकतं. तांबीला त्याने फरक पडत नाही.

‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, म्हणून सोपं वाटतं. वर्षभरात मूल हवं असेल तर ते घेऊ नये, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिनेही लागतात. तांबीचं तसं नाही, काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. मूल बंद करण्याचं ऑपरेशन गोळ्यांच्या गर्भपातानंतर लगेच करत नाहीत, पुढची पाळी येऊ देतात.

आता तिसरा आक्षेप, आणि यात थोडं थांबायला हवं. नीट झालेल्या, संसर्ग न झालेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. बिघडतं ते दोन वाटांनी. पहिली, जंतुसंसर्ग बीज वाहून नेणाऱ्या नळ्यांपर्यंत चढतो आणि नळ्या बंद होतात. दुसरी, क्युरेट या धारदार चमच्यासारख्या हत्याराने पिशवी खरवडली जाते, तीही पुन्हा पुन्हा. आतलं अस्तर खोलवर जखमी होऊन भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाळी अगदी कमी होते किंवा थांबते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना क्युरेटऐवजी सक्शन करायला सांगते. गंमत अशी की कित्येकदा हे खरवडणं गरजेचंही नसतं. गोळ्यांनंतरच्या सोनोग्राफीत ‘पिशवीत थोडं शिल्लक’ असं लिहून येतं, घरचे घाबरतात आणि क्युरेटिंगचा आग्रह धरतात. रक्तस्राव कमी होत असेल, ताप नसेल, वास येत नसेल, तर ते बहुतेक वेळा पुढच्या पाळीपर्यंत आपोआप जातं. उलट, तासाला दोन मोठे पॅड असे सलग दोन तास भिजले, 38 अंशांवर ताप आला किंवा स्रावाला घाण वास येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. संसर्ग लवकर आवरला तर नळ्या वाचतात.

घरोघरच्या त्या अनुभवात आणखी एक गोष्ट दडलेली असते: जननमार्गाचा टीबी. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं ते मोठं कारण आहे, फारशी लक्षणं न दाखवता तो वर्षानुवर्षं राहतो, आणि खापर फुटतं जुन्या गर्भपातावर. मूल राहत नसेल तर नळ्यांची तपासणी आणि नवऱ्याची वीर्यतपासणी दोन्ही आधी करा.

राहिला गरोदरपणाच्या चाचणीचा प्रश्न. गर्भपातानंतर चारेक आठवडे लघवीची चाचणी जुन्याच संप्रेरकामुळे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा दहाव्या दिवशी दोन रेघा दिसल्या म्हणून लगेच काही ठरवू नका. मात्र आठ आठवडे उलटूनही पाळी आली नाही, तर चाचणी करून डॉक्टरांना दाखवाच.