'किरणांनी कंपवात कायमचा बरा': फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या ग्रुपांवर कंपवाताबद्दल (पार्किन्सन्स) एक मेसेज फिरतोय: "कंपवात कायमचा बरा! कवटी न उघडता, किरणांनी. त्याच दिवशी हात स्थिर, गोळ्या बंद, साइड इफेक्ट शून्य." आपल्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातल्या पाट्या कन्नडात. मग मराठीत आलेल्या चार ओळींवर माणसं पटकन विश्वास ठेवतात, त्यात नवल नाही.

उपचार बनावट नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली रेडिओसर्जरीची, म्हणजे चाकूऐवजी किरणांनी ऑपरेशन करण्याची, कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये त्यासाठीचं पहिलं गॅमा नाइफ यंत्र स्टॉकहोमला सुरू झालं. हल्लीच्या यंत्रात किरण सोडणारे कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. एकेक किरण दुबळा, पण सगळे थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या एका ठिपक्यावर एकवटले की तिथल्या पेशी मरतात. कंपासाठी एकाच बैठकीत १३० ग्रेच्या (किरणांच्या मात्रेचं माप) आसपास मात्रा देतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या रुग्णालयात गॅमा नाइफ आहे, मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलमध्येही.

आता 'कायमचा बरा' घेऊ. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी झडत जातात. किरण तिथे जातच नाहीत, ते फक्त थरथरीचं चक्र तोडतात. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचं बघा. पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळून दोरा बांधायचा. कंपवात झाला की तिचा दिवसाचा आकडा घसरतो, पण थरथर हे त्याचं मुख्य कारण क्वचितच असतं. ही थरथर हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसते, कामाला लागला की बहुधा कमी होते. आकडा घसरतो बोटं मंद आणि ताठ झाल्यामुळे, आणि त्यावर या किरणांचा उपयोग नाही. चालताना पाय जमिनीला चिकटतात, त्यावरही नाही.

'त्याच दिवशी हात स्थिर' ही तर शुद्ध थाप. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येतं, एवढंच खरं. पेशी मरायला वेळ लागतो, गुण यायला काही आठवडे ते महिने जातात, कधी वर्षही.

साइड इफेक्ट शून्य? टाके नाहीत, हे कबूल. डोक्याला चौकट मात्र स्क्रूने बसवतात, जागा बधिर करून. पण मोठी अडचण वेगळी आहे. डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) या दुसऱ्या उपचारात मेंदूत तार घालतात, करंट कमीजास्त करता येतो, बंदही करता येतो. इथे जळलेला ठिपका परत येत नाही आणि आधी चाचपून बघायची सोय नाही, सगळी मदार स्कॅनवर. काहींना महिन्यांनंतर हात-चेहरा बधिर होणं, अशक्तपणा, बोलणं अडखळणं असे त्रास होतात. म्हणून सहसा एकाच बाजूला करतात. माझ्या मते हा उपचार शोभतो तो वय झालेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या, उघडं ऑपरेशन न झेपणाऱ्या माणसाला. तेही थरथर हाच मुख्य त्रास असेल आणि औषधांनी ती हटत नसेल तर.

गोळ्या बंद करण्याबद्दल एकच सांगतो: लिव्होडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन जोराचा ताप येऊ शकतो. जीव जाऊ शकतो.

आणि मेसेज जे विचारतच नाही ते सगळ्यात महत्त्वाचं: थरथर कसली? बशी उचलताना चहा सांडतो पण निवांत बसल्यावर हात शांत, तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे कंपवाताहून वेगळा थरथरीचा आजार. त्याला प्रोप्रॅनोलॉलसारखी साधी औषधं आधी देऊन बघतात. थायरॉइडचं हार्मोन वाढल्यानेही हात कापतात. शिवाय आपल्याकडे गॅससाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलांत लिव्होसल्पिराइड असतं, चक्करेच्या गोळीत सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन. त्यांनी हुबेहूब कंपवात दिसतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबवलं की बहुतेकांचा काही आठवड्यां-महिन्यांत ओसरतो. तेव्हा घरातली सगळी औषधं पिशवीत भरून, गॅसचीसुद्धा, आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा. बेंगळुरूचं तिकीट नंतर.