गादीचा हमीभाव

छत्रपती संभाजीनगरातली माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय दहाची, वर पत्रे. घरमालकीण काकूंच्या अटी तीन : रात्री दहानंतर पाहुणा नको, भिंतीला खिळा नको आणि गच्चीवर गादी वाळत घालायची नाही. तिसरी अट ऐकून मला हसू आलं होतं. तेव्हा माझ्याकडे गादीच नव्हती.

पहिली गादी रस्त्याच्या कडेला उभ्या टेम्पोतून घेतली, नऊशे रुपयांत. वरच्या कापडावर मोर होते. दोन महिन्यांत मधोमध माझ्या मापाचा खड्डा पडला आणि कडेला नांगरून टाकलेल्या रानासारखी ढेकळं उठली. डाव्या बरगडीत रोज काहीतरी टोचायचं. मी डॉक्टरकडे जाऊन कॅल्शियमच्या गोळ्याही लिहून आणल्या. मग एका रविवारी शिवण उसवून आत हात घातला. कापूस औषधालासुद्धा नव्हता. लाल, हिरव्या, जांभळ्या चिंध्यांचा भुगा, त्यात कुठल्याशा साडीची जर, आणि शर्टाचं एक बटण, दोऱ्यासकट. गोळ्या बंद केल्या.

आबांना फोन लावला. म्हणालो, फोमची गादी घेतो म्हणतोय.

पलीकडे बराच वेळ शांतता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरात त्या वेळी पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. सप्टेंबर २०२५ च्या पावसात बरंचसं पीक भिजलं होतं. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण दारात आलेला व्यापारी मूठभर कापूस दाबून बघायचा, "ओलावा हाय" म्हणायचा आणि वाट्टेल तेवढा भाव पाडायचा.

"घरात पाय ठेवाया जागा नाही कापसानं," आबा म्हणाले, "अन् तू स्पंज इकत घ्यायलास? कामून?"

मी त्यांना डेन्सिटी समजावली. दुकानदारानं मला समजावली होती तशीच : एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची डेन्सिटी. बत्तीसची गादी बरी टिकते, चाळीसची अजून बरी. माझ्या मापाच्या, म्हणजे बहात्तर बाय छत्तीस बाय चार इंचाच्या गादीत बत्तीसचा फोम साडेपाच किलोच्या आसपास भरायला हवा.

"म्हणजे वजनाचंच हाय ना?" आबा म्हणाले. "मग येतो मी शनिवारी."

शनिवारी एसटीतून आबा उतरले. पिशवीत भाकरी, ठेचा आणि वेचणीचा हुकाचा काटा. बायांनी दिवसभर वेचलेला कापूस संध्याकाळी बांधावर ज्याच्यावर तोलतात, तो.

दुकानदार उत्साही होता. "भाई, लेटके देखो, लेटके." भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर बूट काढून आडवं होणं हा प्रकार मला अजून जमलेला नाही. त्यातून मोज्याला भोक. बरं, चिंध्यांवरून उठून आलेल्या माणसाला कुठलीही गादी स्वर्गच वाटणार. दोन मिनिटांत काय डोंबल कळतं? मी पाय दुमडून, डोळे मिटून "छान आहे" म्हणालो. तोवर आबांनी गादीला सुतळी बांधून काट्याला लटकवली होती.

चार किलो शंभर. कव्हरसकट.

"चाचा, ये कपास नहीं है," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच तर मोजायलो," आबा म्हणाले.

मी मोबाइलवर भागाकार केला. बत्तीस सांगितलेली डेन्सिटी विशीच्या घरात निघाली. दुकानदारानं मुकाट्यानं आतून दुसरी गादी काढली. ती पंधरा किलो भरली, आणि आबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. मग त्यांनी कोपऱ्याची चेन उघडून आत पाहिलं. गुलाबी, हिरवे, पिवळे तुकडे, एकात एक दाबून चिकटवलेले.

"ह्या बी चिंध्याच की रे!"

खरं सांगायचं तर तो रिबॉन्डेड फोम वाईट नसतो. कडक असतो, पण लवकर बसत नाही, आणि त्या भावात तोच त्यातल्या त्यात टिकाऊ. काथ्याचीही पाहिली. पण मे महिना, वर पत्रा आणि खाली फोम म्हटलं की माणसाची भाकरी होते, उलटायला मात्र कुणी नसतं. आणि आबांनी काटा पिशवीत टाकला होता. खरेदी संपली होती.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, कापसाच्या वजनाची साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकीची सरकी. दहा किलोची गादी म्हणजे तीस किलो कापूस. हमीभावानं २,४३३ रुपये. वर पिंजाई, कापड, शिलाई. सरकी आमच्या म्हशीला. पंधरा दिवसांनी आबा रुईचं गाठोडं घेऊन पुन्हा आले. पिंजाऱ्याच्या मशीनमधून रुई फुलून आली, ती गादीपाटात भरली गेली. मग त्यानं हातभर लांब सुई खालीवर ओवत टाके घातले, आणि ते होईपर्यंत आबा राखणीला उकिडवे बसून होते. आपल्या रुईत कुणी भुगा मिसळेल या भीतीनं चहालाही उठले नाहीत.

गादी जिन्यात अडकली. मी खालून डोक्यानं ढकलत होतो, आबा वरून ओढत होते, आणि मधल्या मजल्यावर दार उघडून काकू उभ्या राहिल्या.

"कापसाची?" त्या म्हणाल्या. "म्हणजे ऊन लागणार हिला. माझी अट माहीत आहे ना?"

मला तोंड दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होते. काकूंनी गादी दाबून पाहिलेली मात्र डोक्याला कळली. पुन्हा एकदा दाबली.

"घरचा कापूस का?"

"घरचाच. परभणीचा."

"रविवारी दुपारी घालू दे गच्चीवर," काकू म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "डबल बेडची भरायला किती लागेल हो?"

वरून गादी ओढायची थांबली. सगळं वजन माझ्या मानेवर.

"साठ किलो तरी," आबा म्हणाले. "पण ताई, आधीच सांगतो, भाव हमीचाच लागंल. अन् ओलावा बघायचा न्हाई."