तंबाखूला चुना आहे, गतिरोधकाला नाही!

आठवड्यात एक रविवार, त्यातले माझे म्हणावेत असे दोन तास. उद्यापासून मार्च एंडची धावपळ, म्हणजे रात्री दहाच्या आत घर बघायचं नाव नाही. म्हणून म्हटलं, सकाळी निवांत दौलताबादपर्यंत सायकल मारून यावं. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. किल्ल्याखाली चहा घ्यायचा आणि परत. सव्वापाचला अंधारातच निघालो, कारण आपल्याकडं या दिवसांत नऊ वाजले की डांबर तापायला लागतं. (आई म्हणालीच, "अंथरुणात काटे टोचत होते का?")

शरणापूरच्या पुढं एका गावापाशी समोरून जीप आली, अप्पर लाइट मारत. डिप्पर नावाची गोष्ट या लोकांच्या गाडीत बसवलेलीच नसते बहुतेक. डोळे दिपले आणि पुढच्या क्षणी ढप्प! गतिरोधक. नवाच टाकलेला, डांबरावर डांबर, म्हशीच्या पाठीसारखा काळाकुट्ट. पट्टा नाही, पाटी नाही, रेडियमचा एक तुकडा नाही.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ सालीच मापं लिहून ठेवलीत हो! ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, वर पट्टे, ४० मीटर अलीकडं पाटी. हा हातभर रुंद आणि वीतभर उंच. गतिरोधक कसला, शेताचा बांध घातलाय रस्त्यावर! अख्ख्या गावात तंबाखू मळायला चुना मिळतो, मग याच्यावर चार बोटं ओढायला का मिळत नाही?

कोपर सोललं, तळहातात मुरमाचे खडे घुसले. मागच्या ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं, साप चावल्यासारखी. दोन माणसं आली, सायकल उचलायला नाही, सल्ला द्यायला. "बघून चालवायचं की, सायेब." काय बघू? अंधार?

जादा ट्यूब होती, ती बदलली. पंप मात्र घरी. हा गाढवपणा माझा, कबूल. पंक्चरवाला उघडेपर्यंत तासभर फाट्यावर बसलो, तर तो व्हॉल्व्ह बघून म्हणतो, "तोंड लई बारीक हाय याचं, आपलं मशीन बसत न्हाई." झालं! दौलताबादचा चहा गेला खड्ड्यात.

शेवटी एका छोट्या हत्तीत सायकल टाकली आणि माघारी निघालो. तोच गतिरोधक यायच्या पार वीस पावलं आधी ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि अलगद पार केली. म्हटलं, तुला बरोबर दिसला?

"दिसतंय कुठं, माहीत हाय."

"मग पट्टे का मारत नाहीत?"

"कशाला? समद्या गावाला माहीत हाय की!"