काशाची वाटी आणि काळे तळपाय

सांगलीत ‘मान आखडलीय’ असं चारचौघांत म्हणायची सोय नाही. गणपती पेठेतला दुकानदार असो की विश्रामबागेतले शेजारचे काका, औषध एकच. “तेल लावा, तेल!” त्यातला निम्मा सल्ला थेट तालमीतून आलेला असतो. पैलवानाच्या मांडीला सोसतो तो रट्टा, दिवसभर लॅपटॉपपुढं मान घालून बसणाऱ्याच्या खांद्याला सोसत नाही, हे रट्टा देणाऱ्याला कुणी सांगायचं? मीच सांगतो. चोळून घेणाऱ्याला धड बोलता येईल इतकाच दाब द्यावा. श्वास रोखून नुसतं “हं... हं...” निघायला लागलं की समजायचं, स्नायू सैल पडायचा सोडून आणखी ताठ होतोय.

तेल तिळाचं. अंगभर लावायला 50 मिली पुष्कळ झालं. वाटी कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. थेट गॅसवर ठेवणारेही आहेत. त्यांच्याकडं मोहरी तेवढी टाकायची राहते. हातापायांवर लांब हात फिरवायचा, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्याप्रमाणं. मणक्यावर दाबायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी चोळायचं. गळ्याच्या पुढच्या बाजूला जायचंच नाही. एकाच पोटरीला सूज असेल, ती गरम लागत असेल, दुखत असेल, तर तेलाची बाटली ठेवून दवाखाना गाठायचा. आत रक्ताची गुठळी असली आणि चोळल्यानं सुटली, तर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. इथं मला विनोद सुचत नाही.

अजीर्ण झालेल्यानं अभ्यंग, म्हणजे हे अंगाला तेल चोळणं, करू नये, असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं लिहून ठेवलंय. आम्ही मुहूर्त काढतो तो रविवारी दुपारी, मटणाच्या रश्श्यावर ताव मारून झाल्यावर.

याच वाग्भटानं डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष करून लावायला सांगितलंय. डोकं आणि कान आम्ही सोडून दिले, पाय मात्र धरून ठेवले, कारण पायांसाठी काशाची वाटी मिळते. कासं म्हणजे साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील. तळपायाला चमचाभर तूप लावायचं, वाटी पालथी हातात धरायची आणि तिचा गोल बुडखा टाचेकडून बोटांकडं फिरवायचा. एका पायाला दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं गुदगुल्यांत जातात. “अहो, पाय ढिला सोडा की!” हे वाक्य या विधीतल्या मंत्रासारखंच आहे. मग तळपाय हळूहळू राखाडी होतो, पुढं चक्क तव्याच्या बुडासारखा काळा, आणि घरातलं वडीलधारं माणूस समाधानानं म्हणतं, “बघ, किती उष्णता साठली होती!”

उष्णता काळी असते हे शाळेत शिकवलं नव्हतं. तुपातली आम्लं आणि घाम यांची काशाशी क्रिया होते, घासताना धातूचे बारीक कण सुटतात, त्याचा हा काळा रंग. खात्री करायची असेल तर तुपाचं बोट लावलेल्या जुन्या पांढऱ्या पंच्यावर हीच वाटी दाबून घासा. पंचाही काळा पडतो. पंच्याला कसलं आलंय पित्त! म्हणून वाटी माळ्यावर टाकायची गरज नाही. दहा मिनिटं कुणी तळपाय चोळले की बरं वाटतंच, फक्त त्याचं श्रेय चोळणाऱ्या हाताला द्यावं.

खरी कसोटी पुढं असते. तुपाच्या पायांनी फरशीवर एक पाऊल टाकलं की उष्णतेबरोबर माणूसही बाहेर पडतो. आधी जुन्या धोतराच्या फडक्यानं तूप-तेल टिपून घ्यायचं, मग न्हाणीघर. बेसनात चिमूटभर हळद घालून लावलं की साबणाशिवाय चिकटपणा जातो. हळद चिमूटभरच, सांगलीची आहे म्हणून मूठभर घातलीत तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात पार्टीची मागणी होते. पण न टिपता बेसन लावलं तर तेल-पिठाचा गोळा जाळीत बसतो, आणि गार पाण्यानं आणखी घट्ट होतो. तो काढायला उकिडवं बसून, मान वाकडी करून, काडीनं अर्धा तास कोरावं लागतं.

तेवढ्यात मान पुन्हा आखडते.