टीसीएलमध्ये ॲसिड घातल्याने ताकद वाढत नाही

नाशिकला गोदावरीचं, म्हणजे आमच्या गंगेचं, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, की पंचवटीतल्या घराघरांत एक निरोप मोबाइलवरून फिरू लागतो: ‘पूर ओसरल्यावर मूठभर ब्लीचिंग पावडर आणि अर्धी बाटली ॲसिड एकत्र करून फरशीवर ओता, ताकद दुप्पट होते. वास जितका उग्र, तितके जंतू मेले समजा. उरलेली मूठभर पावडर पाण्याच्या टाकीत टाका. हा शेवटी चुनाच, अपाय काही नाही.’ मी रसायनशास्त्र शिकवते. यातलं एकही वाक्य मला तसंच सोडून देता येत नाही.

सगळ्यात घातक आहे ते पहिलं वाक्य. ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींच्या बोलीतली टीसीएल, विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून बनते. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी या भुकटीचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरं करण्यासाठी. वायू हाताळणं जिवावरचं काम. तो चुन्यात बांधला गेल्यामुळे पोत्यात भरून नेता येऊ लागला. ॲसिड घातलं की ही बांधणीच सुटते आणि क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. म्हणजे फरशीवरचे जंतू मारायला जो क्लोरीन हवा, तोच आपण हवेत उधळतो. ताकद दुप्पट कशी होईल? उलट घटते.

हा वायू हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे तो खाली साचतो. आणि न्हाणीघर घासणारी बाई उकिडवी, नेमकी तिथेच बसलेली असते. २०१९ च्या पुरानंतर माझ्या मावशीने हेच केलं. डोळ्यांतून पाणी, मग खोकला, मग छाती आवळल्यासारखी. सुदैवाने दार उघडं होतं आणि ती लगेच अंगणात आली. असं झालं तर सांडलेलं आवरत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. डॉक्टरांना दाखवाच, कारण फुप्फुसांत पाणी साचायला कधी कधी काही तास लागतात, तोवर माणूस बरा दिसतो. संडास साफ करायची बहुतेक द्रावणं ॲसिडचीच असतात, लिंबू आणि व्हिनेगरही आम्लच. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन नावाचा दुसरा विषारी वायू तयार होतो. टीसीएलच्या जोडीला फक्त पाणी.

वासाचं म्हणाल, तर तो पावडरीतून निघून चाललेल्या क्लोरीनचा. ताज्या मालात वापरता येण्याजोगा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. श्रावणातल्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या पिशवीत तो झपाट्याने कमी होतो. शिवाय पुराचा गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी गाळ काढायचा, फरशी घासून धुवायची, मग टीसीएलचं पाणी. चिखलावर पावडर भुरभुरली तर वास येतो, निर्जंतुकीकरण होत नाही.

टाकीबाबतचा सल्ला वाचून मला खरी भीती वाटली. स्वच्छ दिसणाऱ्या हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची साधारण २.५ ग्रॅम पावडर लागते, चहाचा एक सपाट चमचाही पुरता भरत नाही. मुठीत सहज चाळीस-पन्नास ग्रॅम येते. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून घासून घ्या आणि चांगल्या पाण्याने भरा. पावडर प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवा, आणखी पाणी घाला, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी तेवढी टाकीत, तळाचा चुना बाहेर. तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहा. पिवळी छटा आली नाही तर क्लोरीन संपला आहे, डोस पुन्हा द्यावा लागेल. गढूळ पाण्याला आधी तुरटी. आणि रसायनं मिसळलेलं पाणी टीसीएलने पिण्यायोग्य होत नाही, हे औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

राहिला ‘चुनाच आहे’ हा दिलासा. चुना म्हणजे तो तळाचा गाळ. वरची निवळी कपड्याचा रंग उडवते, ॲल्युमिनियमची भांडी खाते, रेशीम आणि लोकर तर विरघळवते. पुरात भिजलेल्या येवल्याच्या पैठणीवर डाग काढायला कुणी ती लावली, तर डागासकट धागाही जाईल. कोरडी भुकटी नाकात गेली तरी झोंबते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

मावशीकडे टीसीएल आता घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जिन्याखाली अंधारात असते. ॲसिडची बाटली तिने घरातूनच काढून टाकली.