खुलासा: कॅम्पर व्हॅनच्या एसीभोवती सिलिकॉन फासू नका

पुण्यातल्या कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय: छतावरच्या एसीतून आत पाणी टपकलं की युनिटच्या कडेने सिलिकॉन फासा. कृपया हे करू नका. थंड कॉइलवर जमणारं पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि ट्रेच्या भोकांतून छतावर वाहून जातं. कडाच बुजवल्या तर ते युनिटखाली तुंबून आत शिरतं. आधी वीज बंद करून वरचं कव्हर काढा. पावसाळ्यात गाडी झाडाखाली उभी असेल तर भोकांत कुजलेल्या पानांचा चिकट काळा गाळ बसतो. तो मऊ ब्रशने काढा, मग ट्रेमध्ये हळूहळू तांब्याभर पाणी ओतून ते छतावर उतरतंय का पाहा. तरीही गळलं, तर युनिटखालचं फोमचं गॅस्केट, म्हणजे युनिट आणि छत यांच्यामध्ये पाणी अडवणारी पट्टी, तपासा. चेपून गेलं असेल तर बदला.