पेट्रोलच्या विहिरीला गुळाचा नैवेद्य

‘विहिरीला पेट्रोल-डिझेलचा वास येतो? दोनशे लिटर जीवामृत ओता. त्यातले जीवाणू गुळानं वाढतात, तेल खातात, आठ दिवसांत वास जातो, पाणी पिण्यालायक होतं. अमेरिकेतही मळी ओतूनच भूजल साफ करतात.’ हा मेसेज कोल्हापूरभर फिरून परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर आला. खाली आबांचा अंगठा. गूळ, शेण, गोमूत्र, बेसन, सगळं घरचंच. कोल्हापूरकराला पटायला वेळ लागत नाही. पाण्याचे नमुने तपासणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून एकेक वाक्य धरून बोलतो.

‘जीवाणू तेल खातात.’ खातात, पण ते शेणातून सोडावे लागत नाहीत. मातीत, खडकाच्या भेगांत ते आधीच असतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ साली पाइपलाइन फुटून कच्चं तेल जमिनीत मुरलं. भूजलात विरघळलेल्या तेलाचा बराच भाग तिथल्याच जीवाणूंनी संपवला. विरघळलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. खडकात अडकलेलं तेल तिथं अजून आहे.

‘गुळानं जीवाणू वाढतात.’ वाढतात की! घोळ इथंच आहे. १ मिलिग्रॅम बेंझीन (पेट्रोलमधला एक विषारी घटक) पचवायला सुमारे ३ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवा लागलेल्या लिटरभर पाण्यात तो मावतोच ८-९ मिलिग्रॅम, आणि पेट्रोल मुरलेल्या जागी तेवढाही उरत नाही. जीवाणूंची संख्या कमी नसते, त्यांना श्वास नसतो. आता दोनशे लिटर जीवामृतातला दोन किलो गूळ धरा. तो पूर्ण पचायला साधारण दोन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे दोन लाख लिटरहून जास्त पाण्यातला सगळा. पंगतीत श्रीखंड आल्यावर कारल्याकडे कोण बघतं? आधी गूळ संपतो, त्याबरोबर ऑक्सिजन संपतो, पाणी कुजकट होतं आणि बेंझीन जवळपास जागच्या जागी. वर शेणातले जंतू पिण्याच्या पाण्यात, ते वेगळंच. (उसाला जीवामृत खुशाल घाला, माझी तक्रार नाही.)

‘अमेरिकेत मळी ओततात.’ ओततात, पण दुसऱ्या रोगावर. ड्रायक्लीनिंगची किंवा धातूचं ग्रीस काढायची क्लोरीनवाली द्रावणं जमिनीत उतरली, तर ऑक्सिजन मुद्दाम संपवतात, कारण त्यातला क्लोरीन सोडवणारे जीवाणू ऑक्सिजन नसतानाच काम करतात. पेट्रोलला बरोबर उलटं लागतं. तिथं कॉम्प्रेसरनं पाण्याच्या पातळीखाली हवा सोडतात. आपल्या काळ्या पाषाणात तेही सोपं नाही; हवा भेग सापडेल तिकडे पळते.

‘वास गेला, पाणी शुद्ध.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. ओळखीचे एक गॅरेजवाले काका गेल्या आठवड्यात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेऊन आले. टोपण काढून माझ्या नाकाखाली धरली. ‘वास गेला बघ. आता प्यायला काय हरकत हाय?’ ट्यूबलाइटसमोर धरली, तवंगही नव्हता. बेंझीनचा वास पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास कळतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट खाली. बेंझीन माणसात कर्करोग घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे; नाकाच्या भरवशावर सोडायचं ते प्रकरण नाही. शिवाय उघड्या विहिरीतला वास नुसता हवेत उडूनही जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेल भेगांना चिकटून राहतं, पावसाळ्यात पाणी चढलं की परत तवंग दिसतो.

‘आठ दिवस’ यावर काय बोलणार. पद्धतशीर काम चालू असलं तरी हिशेब महिन्यांत आणि वर्षांत असतो. तेही आधी गळती शोधून बंद केली, वर तरंगणारं तेल उपसून काढलं, मगच. आणि वास येत असेल तर मोटर चालू करू नका. एक ठिणगी पुरते.

काकांना मी झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या दिल्या. काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. ‘आणि घरी दोन किलो गूळ आणून ठेवलाय त्याचं?’ म्हटलं, पोळ्या करायला सांगा काकूंना.